व्याही जामीन राहिले

श्रीखंडाच्या पातेल्यातून किल्ली निघाली तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. तोवर वधूपिता पोलीस थान्यात जाऊन बसला होता.

ही बातमी मला आमच्या वकील मॅडमनी कोर्टाच्या पायऱ्यांवर दिली. मी वकिलाचा मुंशी आहे. वकील उभं राहून बोलतो, आणि ज्या कागदावर बोट ठेवून बोलतो तो कागद मुंशी तयार करतो. इंदूरच्या कोर्टात मला एक्कावन्न वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंत. पण जामिनाचा फॉर्म मला तोंडपाठ आहे, आणि त्यात आजवर कुणी खोडाखोड काढली नव्हती. आधी मॅडमच्या वडिलांकडे होतो, आता मॅडमकडे. सानिका मॅडमला मी फ्रॉकमध्ये पाहिलंय, तरी कोर्टात मॅडमच म्हणतो. ती मला काका म्हणते आणि दर महिन्याला विचारते, काका, आराम कधी करणार. मी ऐकलं न ऐकल्यासारखं करतो.

"काका, आज केतकीचं लग्न आहे," मॅडम म्हणाली. "माझी शाळेतली मैत्रीण, सुदामा नगरची. तिच्या बाबांना पोलिसांनी उचललं."

"लग्न किती वाजता?"

"साडेसहा. गोरज मुहूर्त."

"मग भोत टाइम आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी त्या दिवशी बोलायला नको होतं.

झालं होतं असं. केतकीचे बाबा जाधव सर. शाळेत ड्रिलचे मास्तर होते, रिटायर होऊन पाच वर्षं झाली, आवाज अजून मैदानाएवढा. त्यांनी घरासमोर मांडव टाकला. मांडव अर्ध्या रस्त्यावर आला. सकाळी अतिक्रमणवाली गाडी आली. साहेब शांतपणे म्हणाला, सरजी, चार फूट मागे घ्या, अॅम्ब्युलन्स निघाली पाहिजे. सर म्हणाले, मुहूर्ताचा खांब रोवलाय, तो हलत नाही. साहेब म्हणाला, मग आम्ही हलवतो. सरांनी गाडीची किल्ली काढली आणि भिरकावली. ती गेली आचाऱ्याच्या दिशेने. केशर-इलायचीचं श्रीखंड, दीडशे पानांचं. किल्ली त्यात डुबकन गेली आणि दिसेनाशी झाली.

सरकारी माणसाच्या कामात अडथळा आणला की केस लागते. ही केस गैरजमानती असते. लोक हा शब्द ऐकून घाबरतात. त्यांना वाटतं, आता जामीन मिळणारच नाही. तसं नसतं. जमानती केस असेल तर जामीन थान्यातच मिळतो, तो तुमचा हक्क. गैरजमानती असेल तर तो कोर्टात मागावा लागतो, आणि द्यायचा की नाही ते जज्ज साहेब ठरवतात. एवढाच फरक.

खरं तर तिथवर जायचीही गरज नव्हती. असल्या छोट्या केसमध्ये पोलीस बहुतेक अटक करत नाहीत. एक नोटीस देतात. बोलावू तेव्हा या, खाली सही करा, घरी जा. थान्याच्या साहेबानं सरांना खुर्ची दिली, चहा दिला, नोटीस पुढे ठेवली. "सरजी, साइन कर दो, बिटिया की शादी है."

सर म्हणाले, "मी गुन्हा केलेला नाही. मी सही करणार नाही."

तीन वेळा विचारलं. तीन वेळा हेच. मग कायद्याप्रमाणे अटक.

हे ऐकल्यावर मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. मॅडमला वाटला नाही.

दोन वाजता सरांना कोर्टात आणलं. अंगात पिवळा सदरा, कपाळाला हळद, हातात हवालदाराचा हात. मॅडमनी अर्ज लावला. रीडर, म्हणजे साहेबांच्या शेजारी बसून कागद वाचणारा बाबू, त्यानं पोलिसांची डायरी वाचायला घेतली. जप्तीच्या यादीत लिहिलं होतं, चाबी एक नग, श्रीखंड लगी हुई. रीडर तिथे थांबला. तो पाणी प्यायला. साहेब तरुण होते, त्यांनी पेन तोंडासमोर धरलं. मागच्या बाकावर एक वकील खोकत बाहेर गेला.

"श्रीखंड का क्या हुआ?" साहेबांनी विचारलं.

"वो जप्त नहीं किया, सर," हवालदार म्हणाला. "खाने लायक है."

सव्वातीनला हुकूम झाला. वीस हजारांची जमानत आणि तेवढाच मुचलका. मॅडमनी मला अंगठा वर करून दाखवला. सरांच्या मेव्हण्यानं लगेच खिशातून नोटांची गड्डी काढली.

"ठेवा ती," मी म्हणालो.

इथे लोकांची सगळ्यात मोठी चूक होते. जामीन म्हणजे पैसे भरणं नाही. दोन कागद असतात. एक मुचलका. तो आरोपीनं स्वतः लिहून द्यायचा, की मी दर पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला येईन, नाही आलो तर एवढे रुपये सरकारला देईन. दुसरा जमानतीचा. तो बाहेरच्या माणसानं लिहून द्यायचा, की याला मी आणीन, नाही आला तर एवढे रुपये मी देईन. आज कुणी काही देत नाही. दोघं फक्त जबान देतात. पण जबान देणाऱ्याची काही ऐपत आहे का हे कोर्ट बघतं. त्यासाठी आमच्याकडे पावती चालते. पावती म्हणजे शेताची पुस्तिका, कुणाची किती जमीन ते तिच्यात असतं. कोर्ट तिच्यावर लाल शाईनं नोंद करतं, या जमिनीवर अमक्याची जमानत आहे, आणि परत देतं.

हे सगळं पाचच्या आत झालं तर माणूस कोर्टातूनच सुटतो. नाही झालं तर पाचला जेलची गाडी. एकदा त्यात बसला की दुसऱ्या दिवशीपर्यंत विसरा.

मी मेव्हण्याला विचारलं, "पावती कुणाकडे आहे?"

मेव्हण्याकडे फ्लॅट होता, त्याची रजिस्ट्री बँकेत. सरांच्या धाकट्या भावाची पावती देवासला, कपाटात, आणि कपाटाची चावी त्याच्या बायकोच्या पर्समध्ये. ती पार्लरमध्ये, फोन बंद. एका मावसभावाकडे जमीन होती पण त्याच्या पावतीवर आधीच तीन जणांच्या लाल नोंदी. तो बिचारा प्रत्येकाला हो म्हणायचा.

तेवढ्यात केतकीचा फोन आला. मॅडमनी स्पीकरवर टाकला, कारण मेंदीमुळे तिकडे फोन दुसऱ्याच कुणी धरला होता आणि आवाज खोल येत होता.

"सानू, मामा म्हणतायत कन्यादान ते करतील. मी नाही म्हटलंय. बाबा आले नाहीत तर मी उभीच राहणार नाही. भटजींना सांगितलंय."

"भटजी काय म्हणाले?"

"ते म्हणाले, तुम्ही जाधवांच्याच."

चार वाजायला दहा कमी होते. पण खरं सांगतो, मला मजा वाटत होती. एक्कावन्न वर्षं चोर-मारामारीवाल्यांचे जामीन केले. मांडवातून आलेला माणूस मांडवात परत पोचवायचं काम पहिल्यांदा आलं होतं. गुडघे दुखायचे राहिले. मी जिना दोनदा चढलो-उतरलो.

आणि मग जिन्यात फेटा दिसला.

फेट्याखाली शिंदे होते. नवऱ्या मुलाचे वडील. राऊ गावाच्या पुढे त्यांची शेती, बटाटा आणि गहू. मागून त्यांचा ड्रायव्हर धावत होता. शिंद्यांच्या काखेत प्लास्टिकच्या पिशवीत पावती होती.

"बरी आणलीत," मी म्हणालो.

"आणली नाही, होतीच," शिंदे म्हणाले. "सकाळी सोसायटीत युरियाचा नंबर आला. पावतीशिवाय देत नाहीत. मुलाच्या लग्नासाठी नंबर सोडू काय? चार पोती गाडीतच आहेत. कुठे सही करू?"

असा माणूस मला आवडतो. मी फॉर्म काढला. नाव, वडिलांचं नाव, गाव, जमीन किती. पुढचा खाना असतो, आरोपीशी नातं काय. मी लिहिलं, समधी. म्हणजे व्याही. कोर्टाला नातेवाईक जमानतदार आवडतो. लांबच्या माणसाचं मन बदलतं, घरचा माणूस आरोपीला मानगूट धरून आणतो. माझा जुना हिशोब आहे. मी तो खाना जरा मोठ्या अक्षरातच भरला.

फॉर्म आणि मुचलका घेऊन मी व्हरांड्यात गेलो. जाधव सर बाकावर ताठ बसले होते. हवालदार शेजारी डुलक्या देत होता.

"सर, इथे सही. जमानतदार मिळाले."

"कोण?"

"शिंदे."

"कोण शिंदे?"

"तुमचे व्याही, सर."

सरांनी पेन बाकावर ठेवलं. "नको."

"काय नको?"

"त्यांचा जामीन नको. मुलीच्या सासरचं आम्ही पाणी पीत नाही. माझ्या वडिलांनी पाच मुली दिल्या, एकीच्या घरी घोट घेतला नाही. मी पहिल्याच दिवशी जामीन घेऊ? उद्या सासूनं केतकीला एक शब्द बोलून दाखवला तर? तुझ्या बापाला आम्ही सोडवलं?"

आता ही गोष्ट बाहेरच्या माणसाला वेडेपणा वाटेल. मला वाटली नाही. माझ्या बहिणीच्या घरी माझे वडील जायचे तेव्हा पाण्याची सुरई सोबत न्यायचे. पण घड्याळात सव्वाचार झाले होते.

मी म्हणालो, "सर, लग्न लागलंच नाही अजून. आत्ता ते सासर कसलं?"

"तर मग परक्याचे उपकार तर मुळीच नको."

मॅडम आली. तिनं सरांपुढे हात जोडले. "काका, केतकी वाट बघतेय."

"तिला सांग, बाबांनी मान खाली घातली नाही."

मॅडम माझ्याकडे वळली. "काका, तुम्हीच बोला. तुम्हाला तुमच्यासारखा माणूस भेटलाय."

मी सरांच्या शेजारी बसलो. म्हणालो, "सर, मी चौथी शिकलोय, पण हा कागद मला पाठ आहे. ऐका. मैं जमानतदार यह वचन देता हूं कि अभियुक्त हर पेशी पर हाजिर होगा, न हो तो बीस हजार रुपये शासन को अदा करूंगा. शासन को. यात तुम्हाला कुठे काय दिलंय? शिंदे सरकारला जबान देतायत. तुम्ही मुचलक्यात सरकारलाच जबान देताय. त्यांचे वीस, तुमचे वीस. बरोबरीत आहात."

सर जरा हलले. "बरोबरीत?"

"काट्यानं तोलल्यासारखे. मानपानात तरी इतकं बरोबरीत कुणी नसतं."

"आणि मी पेशीला नाही आलो तर?"

"शिंद्यांना नोटीस. वीस हजार भरा, नाहीतर शेतावर वसुली."

सरांच्या तोंडावर हळदीखालून काहीतरी चमकलं. सहा महिने हा माणूस वरपक्षाचं ऐकून घेत होता. बॅण्ड कुठला, घोडी कुठली, मावशीला कुठली साडी. त्यांनी पेन उचललं. मी मुचलका पुढे सरकवला. मग त्यांची नजर शिंद्यांच्या फॉर्मवर गेली आणि पेन परत खाली.

"समधी लिहिलंय. मोठ्या अक्षरात."

"नातं लिहावं लागतं, सर."

"ते काढा."

"मी काढणार नाही," मी म्हणालो. "एक्कावन्न वर्षांत माझ्या फॉर्मवर काट मारलेली नाही. आणि नातं घट्ट तर जामीन घट्ट."

"मग मी सही करणार नाही."

"नका करू."

आम्ही दोघं भिंतीकडे बघत बसलो. हवालदार जागा झाला. "भियाओ, गाड़ी पाँच बजे निकल जाएगी, फिर मत बोलना," तो म्हणाला.

मॅडम म्हणाली, "काका, प्लीज." मी म्हणालो, चुकीचं असेल तर खोडतो, बरोबर असेल तर नाही. ती कपाळाला हात लावून खिडकीशी गेली. त्या वेळी मी बरोबर आहे असं मला ठाम वाटत होतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे काय झालं ते लपवण्यात अर्थ नाही.

पावणेपाचला पुकारा झाला. मुचलका कोरा, फॉर्म भरलेला, तसेच आत गेलो. शिंदे जज्ज साहेबांसमोर उभे राहिले. फेटा काढायचा विसरले होते. साहेबांनी पावती बघितली, आधार बघितलं, फॉर्म वाचला.

"आप अभियुक्त के समधी हैं?"

"जी, साहब."

"शादी कब हुई?"

शिंदे शेतकरी माणूस. शपथेवर उभा. "हुई नहीं, साहब. साढ़े छह बजे है."

"तो अभी समधी कैसे?"

रीडरनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ एक्कावन्न वर्षांत मी दुसऱ्या मुंशींच्या बाबतीत ओळखून होतो.

"मुंशीजी," साहेब म्हणाले, "ये शपथ पर है. आज जो हैं, वो लिखिए. परिचित."

मी काट मारली. बाजूला लिहिलं, परिचित. खाली लहान सही केली. कान तापले.

शिंद्यांना ते लागलं. "साहेब, सहा महिने झाले, साखरपुडा झालाय. मी नुसता परिचित?"

"साढ़े छह बजे तक," साहेब म्हणाले.

माझ्या मागून आवाज आला, मैदानाएवढा. "मुंशीजी, पेन द्या."

जाधव सर पुढे आले. त्यांनी मुचलका वाचला नाही. सही केली, तारीख घातली, खाली दोन रेघा ओढल्या. मग शिंद्यांकडे वळून मान लववली. "आभारी आहे, परिचित साहेब."

रीडरनं लाल शाईची नोंद केली. चार वाजून छप्पन्न मिनिटांनी हवालदारानं सरांचा हात सोडला. मी चाळीस मिनिटं कायदा सांगून जे जमवलं नाही, ते साहेबांनी एका शब्दात केलं. चुकीचा शब्द माझा होता.

पण खरी धावपळ पुढे. फाटकाबाहेर शिंद्यांची गाडी उभी. ड्रायव्हरनं दार उघडलं. "चला सर," शिंदे म्हणाले.

जाधव सर फाटकाच्या आत थांबले. "आता नको. बाहेर आलो की लोक बघतात. बाहेर तुम्ही व्याही."

"अहो, साहेब म्हणाले साडेसहापर्यंत परिचित."

"ते कोर्टात."

मॅडमनी वाद घातलाच नाही. तिनं स्कूटर आणली, सरांना मागे बसवलं, आणि काळा कोट उडवत निघून गेली. मी शिंद्यांच्या गाडीत बसलो, मागच्या सीटवर, दोन युरियाच्या पोत्यांच्या मध्ये. म्हटलं, लग्नाचं जेवण सोडायचं नाही.

स्कूटर गल्लीबोळातून गेली. आम्ही चौकात अडकलो. पुढे दुसरीच एक वरात, घोडी आडवी. शिंदे खिडकीतून फेटा बाहेर काढून ओरडत होते, "ओ भिया, अपनी भी शादी है, थोड़ा साइड." घोडीवाल्यानं विचारलं, "आपकी?" शिंदे म्हणाले, "लड़के की." तो म्हणाला, "तो इतनी जल्दी क्या है, अंकल."

सहा वाजून वीस मिनिटांनी सुदामा नगर. मांडव बघितला आणि मी हसायला लागलो. शेजाऱ्यांनी दुपारीच खांब उपटून चार फूट मागे रोवला होता. अॅम्ब्युलन्स काय, ट्रक निघाला असता. ज्या चार फुटांसाठी एवढं झालं, ते पाच पोरांनी वीस मिनिटांत केलं होतं.

मांडवाच्या दारात जाधव सर उभे. धुतलेला चेहरा, नवा फेटा, हातात हार. वरपिता उशिरा पोचला होता आणि वधूपिता वाट बघत होता. सहा महिन्यांत पहिल्यांदा उशीर तिकडचा होता. सरांनी शिंद्यांच्या गळ्यात हार घातला तेव्हा त्यांची पाठ ड्रिलच्या वेळी असते तशी होती.

सहा-तीसला अंतरपाट. कन्यादान सरांनीच केलं. केतकी रडली, मॅडम रडली, मी श्रीखंड खाल्लं. चांगलं झालं होतं. आचारी म्हणाला, किल्ली होती त्या पातेल्यातलं आधी संपलं, लोकांनी मागून मागून घेतलं.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. केस चालू आहे. दर पेशीला शिंदे सकाळी नऊला सुदामा नगरला हजर असतात. सरांचा काही भरोसा नाही आणि जमीन स्वतःची आहे. सर त्यांच्या गाडीत बसत नाहीत. सिटी बसनं येतात, आणि शिंदे बसच्या मागे गाडी चालवतात, उतरले का नाही बघायला. वरपक्षाचा माणूस वधूपित्याच्या मागे असा फिरताना मी दुसरीकडे बघितलेला नाही.

मागच्या पेशीला शिंदे माझ्याकडे आले. "मुंशीजी, आता लग्न होऊन दीड वर्ष झालं. तो खाना दुरुस्त करा ना. समधी लिहा."

मी म्हटलं, अर्ज दिला तर बघू.

जाधव सर पलीकडून म्हणाले, "राहू द्या तसंच."

त्याचं कारण मला त्याच दुपारी कळलं. कोर्टाच्या आवारात, झाडाखाली, शिंदे दोन कचोऱ्या घेऊन आले. एक सरांच्या हातात दिली. सरांनी खाल्ली. वर शिंद्यांच्याच बाटलीतलं पाणी प्यायले. मग बोटं पुसली, उठले आणि चालायला लागले. फाटकाबाहेर ड्रायव्हरनं पाण्याची बाटली पुढे केली, तर सर म्हणाले, नको, आम्ही मुलीच्या सासरचं घेत नाही.

मी तो खाना आजवर तसाच ठेवलाय. फॉर्म भरताना आता मी आधी विचारतो, हे नातं आज आहे की उद्याचं. जामिनात आजचंच चालतं.